साईट उघडायच्या आधीच युजर कसे जमवायचे? ("भारी आहे" म्हणणारे सोडून)

डोमेन घेतलंय, साईट अर्धीअधिक तयार आहे, इन्स्टावर पेज काढलंय असं धरून चालतो. नसेल तर आधी ते उरका, त्यावर यूट्यूबला ढीगभर व्हिडिओ पडलेत. आपण पुढचं बघू. उदाहरण एकच घेतो, आम्ही केलेलं: कोल्हापुरात राजारामपुरी ते विद्यापीठ या पट्ट्यात मेस आणि डबा शोधून देणारी साईट. तुमचं दुसरं काही असेल तर तिथं तुमचं घाला.

आधी गट ठरवा, आणि तो लहान ठरवा. फेसबुक फेब्रुवारी २००४ मध्ये निघालं तेव्हा हार्वर्डच्या ईमेलशिवाय आत शिरता येत नव्हतं. आपल्याकडं पोरं पहिल्याच दिवशी सांगली, इचलकरंजी, बेळगाव सगळं यादीत टाकून मोकळी होतात आणि धड चार मेस एकाही गावात नसतात. आमचा गट होता कॉट बेसिसवर राहणारी, खोलीवर गॅस नसलेली पोरंपोरी. बास. मेसवाल्या मावशी पाच-सहाच घेतल्या, त्याही आधी, कारण जेवणच नाही तर पोरांना बोलवून दाखवणार काय.

मग एक पान करा. एक वाक्य, एक खरा फोटो, नाव आणि व्हॉट्सॲप नंबरचा फॉर्म. नंबर कशासाठी घेताय ते तिथंच साध्या मराठीत लिहा आणि त्यांची परवानगी घ्या, २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहेच आणि तसंही ते बरं दिसतं.

आता खरी गोम. इथं मला सगळ्यात जास्त दम लागलाय आणि इथंच सगळ्यात जास्त भंपक सल्ले मिळतात. फॉर्म भरलेला माणूस म्हणजे युजर नव्हे. कोल्हापुरात तर अजिबात नव्हे, कारण आपल्याकडं समोरच्याचं मन मोडायची पद्धत नाही, तुम्ही काहीही दाखवा, "नाद खुळा भावा", "एक नंबर", "लिंक पाठव की" असंच ऐकायला मिळणार. तालमीतली पोरं, भाऊबंद, कॉलेजचा ग्रुप, सगळे फॉर्म भरतील. ते तुमच्या प्रेमापोटी, डब्यापोटी नाही. हे आकडे वेगळे काढा, आणि जमलं तर मोजूच नका.

त्यामुळं साईट दाखवून "कशी वाटली" हे विचारायचंच नाही. मागच्या वेळचं विचारायचं. मेस शेवटची कधी बदलली? का बदलली? नवी कशी शोधली? पैसे बुडाले का? आणि मग गप्प बसून ऐकायचं, मध्ये आपली साईट घुसडायची नाही, हे सगळ्यात अवघड जातंय. राजारामपुरीत चहाच्या गाड्यावर एका पोरीला असंच विचारलं, तर तिनं फोन काढून मेसवाल्या काकूंबरोबरचं चॅट दाखवलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच भांडण, खाड्यांचं, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे कापायचं. शनिवार-रविवार ही गावी गेली, आदल्या रात्री मेसेजही टाकला, काकूंनी निळ्या टिक्का दिल्या आणि महिन्याच्या शेवटी खाडे धरलेच नाहीत. आमच्या पानावर तेव्हा "कोल्हापुरातल्या बेस्ट मेस एका क्लिकवर" असलं काहीतरी होतं. मेस शोधणं हा पोरांचा त्रासच नव्हता, मेस तर मित्र पण सांगतात. वाक्य बदलून "खाडा धरणाऱ्या मेस" केलं आणि तिथून अनोळखी पोरं स्वतःहून फॉर्म भरायला लागली. अनोळखी हा शब्द लक्षात ठेवा.

ऐकून झालं की लगेच काहीतरी मागा, ज्याला समोरच्याचा थोडा वेळ नाहीतर थोडे पैसे लागतील. आम्ही एका वेळच्या डब्याचे पैसे आगाऊ मागायचो, तिथल्या तिथं यूपीआयनं. गंमत बघा, दोन मिनिटांपूर्वी "एक नंबर" म्हणणाऱ्याचं नेट नेमकं तेव्हाच बंद पडतंय. पैसे टाकणारा तुमचा युजर, बाकीच्यांना हसून नमस्कार. हे मागायला लाज वाटते, मान्य, पण लॉन्चच्या दिवशी रिकामा डॅशबोर्ड बघण्यापेक्षा हे स्वस्त आहे.

आणि पैसे घेतल्यावर साईट तयार व्हायची वाट बघू नका, हातानं चालवा. रोज सकाळी मावशींना फोन, भाजी काय ते विचारायचं, पोरांना मेसेज, संध्याकाळी खाडे वहीत लिहायचे. कंटाळवाणं काम आहे पण साईटवर नेमकं कुठलं बटण लागणार हे त्यातच कळतं. व्हॉट्सॲपची एक खोच सांगतो: ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ च जण बसतात, आणि ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. तुम्ही पाठवत राहता, तिकडं कुणाला काही दिसत नाही आणि तुम्हाला वाटतं लोकांना इंटरेस्ट नाही. म्हणून समोर उभं राहून नंबर सेव्ह करून घ्या. विकत घेतलेल्या नंबरच्या याद्यांवर मेसेज मारू नका, लोकांनी रिपोर्ट केलं की नंबर ब्लॉक होऊ शकतो.

फुकट कूपन, लकी ड्रॉ, स्थानिक फूड पेजला पैसे देऊन रील, हे सगळं मी तरी सांगणार नाही. रील बघणारा तांबडा-पांढरा बघायला आलेला असतो आणि बऱ्याचदा तो पुण्यात बसलेला असतो. काही जण ड्रॉपबॉक्सचा (फायली ऑनलाइन ठेवायची सेवा) दाखला देतात, २००८ मध्ये एका व्हिडिओनं वेटिंग लिस्ट रातोरात ५ हजारांवरून ७५ हजारांवर गेली. खरंय. पण तो व्हिडिओ डिग या बातम्या-लिंक शेअर करायच्या साईटवरच्या लोकांसाठी बेतून केलेला होता, त्यांच्यातले विनोद टाकून, आणि फायली इकडून तिकडं न्यायचा त्रास त्या लोकांना रोजचा होता. खाड्याचं भांडण कुणाचं रोजचं आहे हे कळल्याशिवाय व्हिडिओ काढून काय करणार?

यादी थंड पडू देऊ नका. आठवड्याला एक मेसेज, त्यात त्यांच्या सांगण्यावरून बदललेली एक गोष्ट. "लवकरच येत आहोत" हा मेसेज नाही.

तारीख बघून ठरवा. पोरं मेस लावतात ती ॲडमिशनच्या दिवसांत, परीक्षेच्या तोंडावर कोण बदलत नाही. पण नेमका त्यातच पावसाळा असतो, आणि राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला टेकली की अख्ख्या शहराच्या फोनवर दुसरं काही चालत नाही, ४३ म्हणजे तर धोका पातळीच. त्या आठवड्यात लॉन्च केलंत तर तुमचा मेसेज तुम्हीच वाचणार. गणपती, नवरात्र तर बोलायलाच नको.

उघडताना सगळ्यांना एकदम आत घेऊ नका, थोडे थोडे घ्या. जीमेल २००४ ला आलं आणि २००७ पर्यंत बहुतेक ठिकाणी निमंत्रणाशिवाय मिळत नव्हतं. आधी पैसे भरलेले, मग त्यांनी सांगितलेले, मग बाकीचे.

शेवटी ओटीपीचं. एसएमएसनं ओटीपी पाठवणार असाल तर भारतात डीएलटी नोंदणी (टेलिकॉम कंपन्यांच्या पोर्टलवर मेसेज पाठवणाऱ्याची नोंद) लागते, धंद्याची कागदं लागतात, मेसेजचा मजकूर मंजूर करून घ्यावा लागतो. लॉन्चच्या आदल्या आठवड्यात हे सुरू केलंत तर पोरं दारात उभी आणि दार उघडेना. तोवर गूगल लॉगिन ठेवा, चालतंय.