इंग्लंडमधला ‘क्वाइट’

इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या मराठी मंडळींना थंडीचा कोट आणि बँकेचे खाते यांविषयी सांगणारे पुष्कळ भेटतात. ‘क्वाइट’ या शब्दाविषयी मात्र कोणी सांगत नाही, आणि मला तर तोच सर्वांत महागात पडला.

शाळेत आपण ‘क्वाइट’ म्हणजे ‘अगदी’ असे पाठ केलेले असते. ज्या गुणात कमीजास्त होत नाही, त्याच्या आधी हा शब्द आला तर ते बरोबरच आहे: ‘क्वाइट इम्पॉसिबल’ म्हणजे अगदी अशक्य. परंतु ‘गुड’ किंवा ‘इंटरेस्टिंग’ यांच्या आधी तो आला की इंग्रजांच्या तोंडी त्याचा अर्थ बहुधा ‘बऱ्यापैकी’, ‘ठीक’ इथवर उतरतो. अमेरिकेत ‘क्वाइट गुड’ ही सहसा खरी शाबासकी असते, त्यामुळे तिकडून बदलून येणारे हमखास फसतात.

माझ्या पहिल्या नोकरीत प्रोबेशनचे सहा महिने साहेब माझ्या प्रत्येक अहवालावर ‘क्वाइट गुड’ म्हणत, तेही ‘क्वाइट’वर किंचित रेंगाळून, आणि मी आईला फोनवर ‘साहेब खूश आहेत’ असे कळवत असे. ते ‘बरा आहे, पण’ असे सांगत होते आणि तो ‘पण’ मला ऐकूच आला नाही. प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढले, त्या वर्षीची पगारवाढ गेली. म्हणून जोर कुठे पडतो ते ऐका: ‘क्वाइट’वर पडला तर काहीतरी खटकले आहे, ‘गुड’वर पडला तर बरेचसे आवडले आहे. शंका आली तर ‘यात काय सुधारू?’ असे तिथल्या तिथे विचारा.

आपल्यातले काही जुने लोक यावरून इंग्रजांना दुटप्पी ठरवतात, ते मला पटत नाही. ‘आमटी बरी झाली आहे’ असे सासरे म्हणाले, तर आपल्याकडे कोणती सून हुरळून जाते?

‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे थोडे नव्हे, बरेच. ‘नॉट क्वाइट’ हा सभ्य नकार आहे. घरदलालाचे ‘क्वाइट क्लोज टु द स्टेशन’ स्वतः चालून पाहावे. मला २५ मिनिटे लागली.

आणि कोणाकडे खायला गेलात तर हा शब्द तोंडातून काढूच नका. शेजारच्या आजींच्या केकला मी मनापासून ‘क्वाइट नाइस’ म्हटले, तेव्हा त्यांनी हसून ताटली उचलली आणि दुसरा तुकडा काही पुढे केला नाही. ‘लव्हली’ म्हणावे.