क्रीटच्या उन्हाळी कोर्सला निघालात? या चुका टाळा

दरवर्षी जुलैच्या मध्यावर मी हानियाच्या विमानतळावर नावाची पाटी घेऊन उभी असते. क्रीट बेटावर चार आठवड्यांचा एक कोर्स चालतो. विषय तीन: भूमध्य सागराची परिसंस्था, वारसा आणि खाणं. त्यातली फील्डची बाजू माझ्याकडे, म्हणजे बस, डबे, पाणी, मलमपट्टी, रडारड आणि उरलेल्या वेळात वनस्पतिशास्त्र. मुलं बहुतेक युरोपातली असतात, पण अलीकडे चार-सहा आपलीही येतात. पुणे, सांगली, नाशिक, एखादं दुबईत वाढलेलं. हुशार असतात, प्रश्नच नाही. पण सात उन्हाळे झाले, चुका अगदी त्याच. यंदा तेच ते पुन्हा तोंडी सांगायचा कंटाळा आला, म्हणून लिहून टाकते.

आधी एक किरकोळ गोष्ट. गावाचं नाव चानिया नाही, हानिया. रोमन स्पेलिंगवरून उच्चार करू नका, बसवाला मख्खपणे बघत राहतो.

जुलै म्हणजे हिरवंगार, हे डोक्यातून काढा

ही माझी सगळ्यात नावडती चूक, आणि ती आपलीच मुलं जास्त करतात. कारणही साधं आहे. आपल्याकडे जूनमध्ये पाऊस येतो, जुलैत सह्याद्री हिरवा होतो, ऑगस्ट-सप्टेंबरात कास फुलतं. हे वेळापत्रक इतकं अंगात मुरलेलं असतं की जगभर तेच चालतं असं वाटतं. क्रीटमध्ये सगळं उलट. पाऊस साधारण ऑक्टोबर ते मार्च, उन्हाळा ठणठणीत कोरडा. झाडं झोपतात ती उन्हाळ्यात. अशी हवा जगात पाचच भागांत आहे: भूमध्य समुद्राभोवती, कॅलिफोर्नियात, मध्य चिलीत, दक्षिण आफ्रिकेच्या केप भागात आणि ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण-नैर्ऋत्य टोकाला. इथे फुलं बघायची तर मार्च-एप्रिलमध्ये यावं. कोर्स आहे जुलैत.

काही वर्षांपूर्वी साताऱ्याची एक मुलगी आली. प्रकल्प कॉलेजात मंजूर करून आणलेला, गाइडची सही, वर स्पायरल बाइंडिंग. विषय: ऑफ्रिस जातीच्या ऑर्किडचं परागीभवन. विषय देखणा आहे. ही फुलं मधमाशीच्या मादीचं सोंग घेतात, नर फसतो आणि डोक्यावर पराग घेऊन पुढच्या फुलावर जातो. क्रीटमध्ये ही ऑर्किडं ढिगाने आहेत. एप्रिलमध्ये.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता टोपी, बूट, भिंग अशा जय्यत तयारीत तिने विचारलं, "ताई, साइट कुठे आहे?" मी तिला अक्रोतिरीच्या एका उतारावर नेलं. काटेरी झुडपांच्या मधोमध वीतभर उंचीची एक करपलेली काडी होती, वर दोन उकललेली बोंडं. बोटाने टिचकी मारली तर आतून धूळ उडाली. ती धूळ म्हणजे बिया.

"हे?"

"हेच."

ती बराच वेळ काडीकडे बघत होती, मग बाइंडिंगकडे. नंतर मोबाइल काढून एका अ‍ॅपवर काडीचा फोटो टाकला. अ‍ॅपने उत्तर दिलं, शतावरी. या अ‍ॅपांवर माझा राग आहे तो यासाठी. फूल ताजं असेल तेव्हा ती बरी चालतात, पण मग पुस्तक उघडूनही कळलंच असतं. खरी अडचण असते तेव्हा ती तोंडाला येईल ते ठोकून देतात, आणि पोरं ते वहीत लिहूनही घेतात.

माझा उपाय शास्त्रीय वगैरे नाही, सवयीचा आहे. पहिले दोन दिवस मी कुणाला वही काढू देत नाही. नुसतं हिंडायचं आणि आज, या उन्हात, काय जिवंत आहे ते बघायचं. बरंच सापडतं. ओढ्यांच्या कोरड्या पात्रात कण्हेर फुललेली असते. आपल्या अंगणातली ती इथे रानटी आहे. तिच्याशेजारी जांभळे तुरे घेऊन निर्गुडीची सख्खी बहीण उभी असते. घळीतल्या एका वृक्षासारख्या वाढणाऱ्या युफोर्बियाने (आपल्या शेराच्या गोतातलं झुडूप) सगळी पानं टाकलेली असतात. ते वाळलेलं नसतं, पावसाची वाट बघत असतं. दरवर्षी कुणीतरी त्याची 'मृत झाड' म्हणून नोंद करतं.

साताऱ्याच्या मुलीने शेवटी फालासार्नाच्या वाळूतली सागरी लिली निवडली. पांढरीशुभ्र, भर उन्हाळ्यात फुलणारी, संध्याकाळी उमलणारी. तिच्यावर हॉकमॉथ पतंग येतात, पण वारा जोराचा असला की येत नाहीत. आणि जुलै-ऑगस्टमध्ये इथे मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, तो दिवसचे दिवस थांबत नाही. तीन संध्याकाळी पोरगी वाळू खात बसली. भेटी: शून्य, शून्य, शून्य. "ताई, सगळं वाया गेलं," म्हणाली. मी म्हटलं, अगं, शून्य हाही आकडाच आहे, समोर वाऱ्याचा वेग लिही. चौथ्या संध्याकाळी वारा पडला. अंधार पडता पडता फुलासमोर काहीतरी हवेतच थरथरत उभं राहिलं, सोंड उलगडली, आणि या बाईसाहेब किंचाळल्या. पतंग गेला. पण नोंद झाली.

'नै' म्हणजे हो

ही दुसरी. तशी हसण्यावारी न्यायची, पण मी तिच्यापायी एक मुलगा रडताना पाहिलाय.

ग्रीकमध्ये हो म्हणायला म्हणतात 'नै'. नाही म्हणायला 'ओही'. आता मराठी कानाने ऐका. 'नै' म्हणजे आपल्या बोलण्यातलं सरळसरळ नाही, आणि 'ओही' पुसटसं ऐकलं तर हो. शिवाय नाही म्हणताना इथली माणसं मान आडवी हलवत नाहीत, हनुवटी जरा वर उचलतात आणि जिभेने च्च करतात.

सांगलीचा एक शुद्ध शाकाहारी मुलगा. डोंगरातल्या खानावळीत भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरच्या आल्या. याने शिकून घेतलेला एकच शब्द वापरला: "क्रेआस?" म्हणजे मांस? आजीबाई खुशीत म्हणाल्या, "नै, नै!" याने समाधानाने दोन टोमॅटो संपवले. तिसऱ्यात खिमा ओळखू आला. नंतर तो बाहेर अंजिराच्या झाडाखाली अर्धा तास बसला होता आणि मला म्हणाला, आईला सांगू नका. आजीबाईंना वाटलं, पोराला स्वयंपाक आवडला नाही. त्याही रडवेल्या.

मांस आहे का असं विचारूच नका. 'होरीस क्रेआस' म्हणा, म्हणजे मांसाशिवाय. भरलेल्या टोमॅटो-मिरचीच्या बिनखिम्याच्या प्रकाराला इथे 'ऑर्फना' म्हणतात, अनाथ. आणि सगळ्यात कामाचा शब्द 'निस्तीसिमो', उपवासाचं. ऑर्थोडॉक्स चर्चचे उपवास वर्षभर असतात, त्यातला एक बरोबर १ ते १४ ऑगस्ट, मेरीच्या सणाआधी. तेव्हा मांस, दूध, अंडी बंद, आणि स्वयंपाकघरात ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्यांची चंगळ असते. फक्त एक मेख आहे. त्यांच्या उपवासाला ऑक्टोपस आणि शिंपले चालतात. हसू नका, आपल्याला साबुदाणा चालतो आणि गहू चालत नाही, ते त्यांना समजावून बघा.

हे माहीत नसल्याने आपली मुलं दहा दहा दिवस पाव आणि चिप्सवर काढतात, बॅगेत सात किलो कोरडा खाऊ आणतात. चिवडा आणा, माझ्यासाठीही आणा. तूप, पेढे, खवा आणू नका. युरोपियन युनियनच्या बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे, कढीपत्ता आणि आंबा कागदपत्रांशिवाय चालत नाहीत. एका मुलाच्या आईने दिलेल्या हापूसची पेटी विमानतळावरच राहिली. सहा आंबे होते, वास अख्ख्या हॉलमध्ये सुटला होता.

आणि इथे येऊन डोळे उघडे ठेवलेत तर घर सापडतं. उन्हाळ्यात उकडून, वर तेल-लिंबू घालून देतात ती 'व्लीता' म्हणजे आपला माठ. सॅलडमधली 'ग्लिस्त्रीदा' म्हणजे घोळ. 'बाम्येस' म्हणजे भेंडी.

पोस्टर घरी ठेवून या

भूमध्य आहार म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे सोनेरी तेल, शंभरीतला हसरा आजोबा. १९५८ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकन संशोधक अँसेल कीज यांच्या सात देशांच्या अभ्यासात क्रीटमध्ये हृदयविकाराचे मृत्यू फारच कमी निघाले, आणि २०१० मध्ये युनेस्कोने या आहाराला वारशाच्या यादीत घेतलं. दोन्ही खरं. पण १९४८ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनसाठी इथे घरोघर पाहणी झाली, तेव्हा बहुतेक लोक आपल्या जेवणावर खूश नव्हते, आणि ताटात सगळ्यात हवं होतं ते मांस. ज्याला आपण आदर्श ताट म्हणतो ती बरीचशी गरिबी आणि डोंगर चढण्याचे कष्ट होते. निबंधात हे एक वाक्य आलं तरी मी मुलांना आइस्क्रीम देते. सात वर्षांत तीनदा दिलंय. आणि त्या 'प्राचीन' ताटातला टोमॅटो अमेरिकेतून आला, हेही लिहा. रस्त्याकडेचं फड्या निवडुंगही तिकडचंच.

क्नोसोसच्या प्राचीन राजवाड्याचंही तेच. आर्थर इव्हान्स यांनी १९०० मध्ये उत्खनन सुरू केलं आणि पुढे बरंच काही काँक्रीटमध्ये नव्याने उभारलं. ज्या लाल खांबांसमोर सगळे फोटो काढतात, ते विसाव्या शतकातले. फोटो काढा, खाली साडेतीन हजार वर्षं लिहू नका.

आता बाकीच्या भराभर.

खापराचा तुकडा उचलू नका. अंगठ्याएवढाही नाही, आठवण म्हणूनही नाही. इथला पुरातत्त्व कायदा कडक आहे. एकाची बॅग मी स्वतः उपसून तुकडा जिथल्या तिथे ठेवायला लावलाय.

किनाऱ्यावरच्या तपकिरी पट्ट्यांच्या ढिगाला कचरा म्हणू नका, शेवाळ तर मुळीच नाही. ते पोसिडोनिया ओशिआनिका, समुद्रात फुलणारं-फळणारं गवत, फक्त याच समुद्रात मिळतं आणि वर्षाला काही सेंटिमीटरच पसरतं. तो ढीग वाळू धरून ठेवतो.

झाडावरचं ऑलिव्ह तोंडात टाकू नका. सांगूनही टाकणार, माहीत आहे. कडू असतं.

दुपारी तीन ते साडेपाच शांततेची वेळ, गाणी बंद. पुणेकरांना हे समजावावं लागत नाही.

व्हिसा: कोर्स ९० दिवसांच्या आतला असेल तर शेंगेनचा (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा) शॉर्ट-स्टे. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तरी मला जूनमध्ये फोन येतात. विमा किमान ३०,००० युरोंचा, पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला आणि शेंगेनमधून निघाल्यावर पुढे तीन महिने चालणारा. कोर्सनंतर इटलीत भटकणार असाल तर ते दिवसही ९० मध्येच धरा.

क्रेडिट: एक ईसीटीएस, म्हणजे युरोपातल्या विद्यापीठांचं एक क्रेडिट, म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. तुमचं विद्यापीठ ते कसं धरणार, हे निघण्याआधी लेखी घ्या. आल्यावर मला विचारून उपयोग नाही.

बूट. समारियाची घळ १६ किलोमीटर आहे, सुरुवात १,२०० मीटरच्या वर आणि शेवट समुद्रावर, म्हणजे जवळजवळ सगळी उतरण. खाली अगिया रुमेली गावाला रस्ता नाही, बाहेर पडायचं तर बोटीने. शेवटची चुकली की मुक्काम. मागे एकाने कोरे करकरीत बूट खोक्यातून काढले ते थेट घळीच्या तोंडाशी, सकाळी सव्वासातला. "जुने सँडल नकोत, ताई, फोटो येतात." पाचव्या किलोमीटरला लंगडायला लागला, दहाव्याला मोजे लाल. जिथे कडे चारेक मीटरवर येतात, जे बघायला माणसं जगभरातून येतात, तिथे हा खाली मान घालून दगड मोजत चालला होता. बोट मिळाली, सुटायला सहा मिनिटं असताना. बूट हातात धरून बसला. अंगठ्याचं नख गणपतीत गळलं, असं त्याने नंतर कळवलं. फोटोसह.