शहर सोडून उपनगरात आलात? मग या चुका टाळा

उपनगरात राहायला आल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कधीतरी मनात येतंच: आपलं चुकलं तर नाही ना? खोकी उघडून झालेली असतात, पडदे लागलेले असतात आणि संध्याकाळी सातच्या सुमारास घर एकदम मोठं, रिकामं वाटायला लागतं. मी त्यातून गेलो आहे, नंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांना जाताना पाहिलंही आहे. माझं ठाम मत आहे की या अस्वस्थतेत नव्या जागेचा दोष थोडाच असतो. शहरातल्या सवयी आपण तशाच चालू ठेवतो, त्याचा त्रास जास्त होतो. शहरात गर्दीमुळे पुष्कळ गोष्टी आपोआप घडतात. ओळखी होतात, हवी ती वस्तू हाताशी असते, पायी हिंडणं होतं, मुलांना सवंगडी मिळतात. उपनगरात यातली एकेक गोष्ट ठरवून करावी लागते. ती आपसूक होईल म्हणून वाट पाहत बसणं, ही पुढच्या बहुतेक चुकांच्या मुळाशी असलेली चूक आहे.

प्रवास किलोमीटरमध्ये मोजणं

घर बघायला आपण बहुतेक वेळा सुट्टीच्या दिवशी दुपारी जातो. रस्ते मोकळे असतात, पाऊण तासात पोहोचतो आणि तोच पाऊण तास डोक्यात पक्का बसतो. मग कामाच्या दिवशी सकाळी तेच अंतर दीड तास खातं. जागा अजून ठरवली नसेल, तर ऐन कामाच्या दिवशी, ऑफिसच्या वेळेला, घराच्या दारापासून कामाच्या टेबलापर्यंत एकदा जाऊन पाहा. संध्याकाळी परतही या. स्टेशनपर्यंत किंवा बसथांब्यापर्यंत पोहोचायचा शेवटचा टप्पा यात धरायला विसरू नका, कारण खरा वेळ बरेचदा तिथेच जातो.

ब्रूनो फ्राय आणि अलोइस स्टुत्झर या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतली आकडेवारी तपासून 2008 मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. लांबच्या प्रवासाची भरपाई मोठ्या घरातून किंवा जास्त पगारातून होते, असं आपण धरून चालतो. त्यांच्या आकड्यांत ती भरपाई दिसत नव्हती. ज्यांचा रोजचा प्रवास लांब, ते आयुष्याबद्दल एकंदरीत कमी समाधानी होते. मला हे अनुभवाने पटतं. जास्तीच्या खोलीची चार महिन्यांत सवय होते आणि तिचं अप्रूप संपतं. रस्त्यावरची कोंडी मात्र रोज वेगळी असते, त्यामुळे तिची सवय होतच नाही.

आधीच राहायला आला असाल, तर दहा कामाचे दिवस निघायची आणि पोहोचायची वेळ वहीत लिहा. सरासरी काढू नका, त्यातले सगळ्यात वाईट दोन दिवस बघा. घरच्यांशी कटकट होते ती त्याच दिवशी. मग वीस-पंचवीस मिनिटं आधी किंवा उशिरा निघून फरक पडतो का, ते पाहा. आठवड्यातले एक-दोन दिवस घरून काम करता येत असेल, तर तो मुद्दा कामाच्या ठिकाणी पहिल्या महिन्यातच मांडा. तुम्ही रोज वेळेवर पोहोचता हे एकदा सगळ्यांच्या अंगवळणी पडलं, की नंतर मागणं अवघड जातं.

ओळखी आपोआप होतील असं समजणं

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण परत शहरात जाणाऱ्या लोकांशी बोललं तर प्रवासाच्या खालोखाल कारण ‘इथे आमचं कुणी नाही’ हेच निघतं.

मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 1950 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविज्ञान विद्यापीठाच्या आवारात विवाहित विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या इमारतींमध्ये कुणाची मैत्री कुणाशी जुळते, हे त्यांनी तपासलं. अगदी शेजारच्या दाराची माणसं 41 टक्के वेळा एकमेकांच्या जवळची निघाली, दोन दारं पलीकडची 22 टक्के आणि त्याच मजल्याच्या दोन टोकांना राहणारी फक्त 10 टक्के. अंतर काही पावलांचंच होतं. जिन्यापाशी आणि टपालपेट्यांपाशी राहणाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर जास्त ओळखी होत्या, कारण वरची माणसं रोज त्यांच्या दारावरून जात होती. स्वभाव जुळण्याच्या आधी पुन्हापुन्हा समोर येणं लागतं, ते असं.

आता उपनगरातलं आपलं वागणं बघा. घरातून थेट गाडीत, गाडीतून थेट फाटकाबाहेर, संध्याकाळी फाटकातून थेट घरात. मध्ये जिना नाही, लिफ्ट नाही, थांबा नाही. समोरासमोर यायची जागाच आपण ठेवत नाही, आणि मग ‘इथली माणसं तुटक आहेत’ असा शिक्का मारून मोकळे होतो.

यावर बरेच जण एक मोठा घरगुती कार्यक्रम करतात, आसपासच्या सगळ्यांना एकदम बोलावतात आणि समजतात की झालं. त्या संध्याकाळी तीस नावं कानावर पडतात, दुसऱ्या दिवशी चार आठवतात. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले संशोधक जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये मांडलेला अंदाज असा, की नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला एकत्र घालवलेले साधारण 50 तास लागतात आणि घट्ट मैत्रीला 200 हून जास्त. आठवड्याला एक तास धरला, तर पहिल्या टप्प्यालाच जवळपास वर्ष जातं. म्हणून तीन महिन्यांत कुणी जिवाभावाचं मिळालं नाही, तर त्यात काहीच बिघडलेलं नाही.

मला उपयोगी पडला तो रतीब. रोज संध्याकाळी साडेसहाला त्याच रस्त्याने, त्याच बाजूने चालायला जायचं. कोपऱ्यावरच्या घरात एक वयस्कर गृहस्थ त्या वेळी पाइपने झाडांना पाणी घालत असत. पहिला आठवडा नुसती मान हलवणं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मी जवळ येताच पाइपच्या तोंडावर अंगठा ठेवून पाण्याची धार कुंपणाकडे वळवली, माझे बूट भिजू नयेत म्हणून. महिन्याभराने मी एक दिवस गेलो नाही, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, “काल दिसला नाहीत?” मी म्हटलं, “काका, काल यायलाच उशीर झाला.” एवढंच बोलणं. पण आपण न दिसल्याचं कुणाला तरी जाणवतं, हे कळल्यावर त्या रात्री मला पहिल्यांदा तिथे शांत झोप लागली. प्लंबर कोण चांगला, कुठला रस्ता पाण्याखाली जातो, ही सगळी माहिती पुढे मला याच काकांकडून मिळाली.

चालणं जमत नसेल तर वाचनालय, मैदान, एखादा वर्ग, काहीही चालेल. अट एकच: वार आणि वेळ बदलायची नाही. आणि दहा ठिकाणी एकेकदा जाण्यापेक्षा एका ठिकाणी दहा वेळा जा.

संपल्यावर आणू, ही सवय

शहरात रात्री साडेदहाला बल्ब गेला तरी खाली उतरून आणता येतो. इथे दुकानं लवकर बंद होतात, आणि उघडी असली तरी त्यासाठी गाडी काढावी लागते. रोजची औषधं निदान आठवडाभर शिल्लक असतानाच आणा. बल्ब, बॅटरीचे सेल, फ्यूज, नळाचे वॉशर, गॅसचं लायटर यांचा एक डबा ठरलेल्या जागी ठेवा.

रात्री उघडं असणारं सगळ्यात जवळचं रुग्णालय मात्र नुसतं नकाशावर बघून ठेवू नका. एकदा दिवसा आणि एकदा अंधारात प्रत्यक्ष तिथपर्यंत जाऊन या. आपत्कालीन विभागाचं दार बरेचदा मुख्य दारापेक्षा वेगळं असतं, आणि ते शोधायची वेळ घरात कुणाच्या छातीत दुखत असताना येऊ नये. हे काम पहिल्या आठवड्यातलं आहे.

शांततेला घाबरणं

झोप लागत नाही अशी तक्रार खूपजण करतात, आणि ती खरी असते. शहरात रहदारीचा एकसुरी आवाज बाकीचे बारीक आवाज झाकून टाकतो. इथे ते पांघरूण निघून जातं. मग फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू झाला, कुत्रं भुंकलं, छपराचा पत्रा गार होताना कडकन वाजला की दचकायला होतं. पंखा मंद लावून ठेवला तरी पुष्कळ फरक पडतो. दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

गाडी न चालवणाऱ्याला विसरणं

घर बदलायचा निर्णय बहुधा कमावणारी, गाडी चालवणारी माणसं घेतात. दिवसभर त्या घरात राहतात ती वेगळीच: आई-वडील, मुलं, घरून काम करणारी बायको किंवा नवरा. शहरात चौदा वर्षांची मुलगी एकटी बसने क्लासला जात होती, आजोबा स्वतःच्या पायांनी मित्रांच्या बाकावर जात होते. इथे दोघांनाही प्रत्येक वेळी विचारावं लागतं, “मला सोडशील का?” असं रोज विचारावं लागणं म्हाताऱ्या माणसाला फार लागतं. ती बोलून दाखवत नाहीत, हळूहळू बाहेर पडायचंच बंद करतात. घरातले म्हणतात, वय झालं.

त्यांच्यासोबत एकदा घराभोवती पायी फिरा. पाच मिनिटांच्या चालीत साधारण 400 मीटर अंतर कापलं जातं. म्हाताऱ्या पावलांना कमी धरा. तेवढ्या टापूत बसायला सावली कुठे आहे, फुटपाथ कुठे तुटतो, कुठला रस्ता ओलांडणं धोक्याचं, ते बघून ठेवा. बस किंवा रिक्षाची वेळ आणि नंबर मोठ्या अक्षरात लिहून दारामागे लावा. आठवड्यातले दोन ठरलेले दिवस गाडी त्यांची, असं जाहीर करा, म्हणजे त्यांना मागावं लागणार नाही. मुलीला सायकलचा रस्ता दोन-तीनदा सोबत जाऊन दाखवा, मग एकटी सोडा.

दर शनिवारी शहरात पळणं

सुरुवातीला बरं वाटतं. जुने मित्र, जुन्या जागा. पण पाच दिवस प्रवासात आणि दोन दिवस शहरात गेले, तर नव्या घरात तुम्ही फक्त झोपायला येता, आणि वर्षानंतरही परकेच राहता. अगदी तोडूनही टाकू नका, जुनी मैत्री इथे चटकन भरून निघत नाही. महिन्यातले दोन शनिवार-रविवार इथले, ते हलवायचे नाहीत, एवढा नियम पुरतो. त्या दिवशी मित्रांनाच इकडे बोलवा.

तुलना करतानाही सांभाळा. डॅनिएल कानेमन आणि डेव्हिड श्केड या संशोधकांनी 1998 मध्ये दाखवलं, की अमेरिकेत मध्य-पश्चिमेतल्या आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांचं समाधान साधारण सारखंच होतं, पण कॅलिफोर्नियातली मुलं जास्त सुखी असणार असा दोन्हीकडच्यांचा समज होता. जागेचा विचार करताना नजर एका ठळक फरकावर, तिथे हवामानावर, खिळून राहते. आपल्याला शहरातले झगमगते रस्ते आठवतात, पाण्याची वेळ पाळणं आणि भिंतीपलीकडचा टीव्ही आठवत नाही.

परत जावं का, याचा निर्णय पहिल्या सहा महिन्यांत घेऊ नका. सगळे ऋतू एकदा इथे काढा. वर्षानंतरही प्रवासाने तब्येत बिघडत असेल किंवा घरातलं एखादं माणूस मिटत चाललं असेल, तर परत जाण्यात कमीपणा नाही. त्याआधी जवळच्या स्टेशनलगतचं घर हा मधला पर्यायही बघा. आणि त्या दिवशी बोलायला बसाल, तेव्हा पहिलं बोलणं दिवसभर या घरात असणाऱ्या माणसाचं ऐकून घ्या.