टाचेचं रक्त, टीएसएच आणि ती छोटी गोळी

मी कोथरूडच्या एका प्रसूतिगृहात नर्स आहे. बाळंतिणीला घरी सोडताना फाइलमध्ये एक गोष्ट मी हमखास बघते, बाळाची टीएसएच तपासणी झाली का. टीएसएच म्हणजे गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन, ग्रंथी कमी पडली की ते वाढतं. बाळ गुटगुटीत आहे, मग सुई कशाला टोचायची, असं आज्या विचारतात. थायरॉइड काम करत नसली तरी बहुतेक बाळं जन्मतः चांगलीच दिसतात, कारण आईचा हार्मोन वारेतून थोडाफार मिळालेला असतो. लांबलेली कावीळ, घोगरं रडणं, बद्धकोष्ठ, फुगलेली बेंबी हे सगळं हळूहळू दिसायला लागतं आणि तोवर मेंदूच्या वाढीचे मोलाचे आठवडे निघून जातात.

जन्मानंतर टीएसएच आपसूकच खूप वाढतं, मग उतरतं. म्हणून टाचेचं रक्त 48 ते 72 तासांच्या दरम्यान घेतलेलं बरं. त्याआधी घरी जाणार असाल तर रक्त देऊनच जा आणि पुन्हा कधी आणायचं ते विचारा.

फॉर्मवर नुसता बाबांचा नंबर नको. बाळंतीण साताऱ्याला माहेरी, रिपोर्ट पुण्यात, बाबा मीटिंगमध्ये, असं फार होतं. आजोळचाही नंबर लिहा. फोन आला नाही म्हणजे रिपोर्ट नॉर्मल, असं धरू नका. स्वतः मागून घ्या.

टीएसएच जास्त आलं तर त्याच दिवशी शिरेतून रक्त देऊन टीएसएच आणि फ्री टी4 (थायरॉइडचं रक्तातलं मोकळं हार्मोन) करा. निदान पक्कं झालं की लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइड हार्मोनची गोळी, सुरू होतं, साधारण दर किलो वजनाला रोज 10 ते 15 मायक्रोग्रॅम. बाळाच्या जन्मापासून पहिल्या दोन आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं.

गोळी दोन चमच्यांमध्ये दाबून चुरायची, चमचाभर आईच्या दुधात कालवून लगेच पाजायची. चमच्याला चिकटलेला चुरा पुन्हा थोड्या दुधात घोळवून द्या, मात्रा तिथेच राहून जाते. अख्ख्या बाटलीत मिसळू नका, दूध उरलं की औषधही उरलं. सहाणेवर उगाळू नका, गुटीत घालू नका. लोह, कॅल्शियमचे थेंब चार तासांच्या अंतराने. वेळ रोज एकच.

पहिली फेरतपासणी एक-दोन आठवड्यांनी, मग सहा महिन्यांपर्यंत दर एक-दोन महिन्यांनी. त्या दिवशी रक्त आधी, गोळी नंतर. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करू नका, तो गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो. काही मुलांची गोळी तीन वर्षांनंतर थांबवून बघतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं.