ऑटोमॅटिक काढून मॅन्युअल गिअरबॉक्स बसवला, पण सेल्फ लागेना

जुनी टर्बो पेट्रोल गाडी, काम अंबडच्या एका गॅरेजात. फ्लायव्हील, क्लच, पेडल सगळं बसलं. चावी फिरवली की डॅशबोर्ड उजळायचा, सेल्फ मात्र ढिम्म. बॅटरी, रिले, सेल्फ मोटर तपासून झाली. वैताग नुसता!

सेल्फची लाइन ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवरच्या न्यूट्रल स्विचमधून जात होती. हा स्विच गिअर 'पी' (पार्क) किंवा 'एन'मध्ये (न्यूट्रल) असेल तरच सेल्फ लागू देतो; जुन्या गिअरबॉक्सबरोबर तो निघाला आणि लाइन तुटली.

आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. जुन्या स्विचवर मल्टिमीटर लावून फक्त 'पी' आणि 'एन'मध्ये जुळणाऱ्या दोन पिना शोधल्या. गाडीकडच्या त्याच दोन वायरी क्लच पेडलच्या स्विचला डाग देऊन जोडल्या. हा स्विच पेडल दाबल्यावरच जुळणारा हवा. (वायरी थेट एकमेकींना जोडू नका, गिअरमध्ये सेल्फ मारला तर गाडी उडी घेते.) मग 'आर'च्या वायरी नव्या रिव्हर्स स्विचला.

सेल्फ लागला. डॅशबोर्डवरचा इंजिनचा चेक लाइट ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मॅन्युअल गिअरबॉक्सवर कोड केल्यावर गेला.