जुन्या ॲम्बेसिडरमधील व्हॅक्यूमची गळती: कार्बोरेटरला हात लावण्यापूर्वी

चौकात थांबल्यावर जुन्या ॲम्बेसिडरचे इंजिन आपोआप वर-खाली होऊ लागले, की गॅरेजमध्ये पहिला स्क्रू-ड्रायव्हर कार्बोरेटरलाच लागतो. माझी कळकळीची विनंती आहे, की तो स्क्रू फिरवण्याआधी व्हॅक्यूमचे, म्हणजे इंजिनाची हवेची ओढ इतर भागांपर्यंत नेणारे रबरी पाइप तपासावेत. कार्बोरेटरला वळसा घालून इंजिन बाहेरची हवा खेचत असेल, तर पेट्रोल आणि हवेचे मिश्रण पातळ होते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते. स्क्रूने ते दाट केले की आयडल (उभ्या गाडीतील इंजिनाची संथ चाल) काही दिवस स्थिरावते, पण गळती तशीच राहते आणि रस्त्यावर गाडी विनाकारण पेट्रोल पिऊ लागते. माझ्या १४८९ सीसीच्या पेट्रोल गाडीचे एक पूर्ण वर्ष असे वाया गेले आहे.

हा दोष आयडललाच अधिक जाणवतो, कारण तेव्हा थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) जवळजवळ मिटलेला असतो, इनटेक मॅनिफोल्डमधील, म्हणजे सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या नळकांड्यातील ओढ सर्वाधिक असते आणि इंजिनात जाणारी एकूण हवा थोडी असल्यामुळे चोरवाटेने आलेल्या हवेचा वाटा मोठा ठरतो. रेस वाढवल्यावर इंजिन सुरळीत चालत असेल, तर संशय पक्का धरावा.

हातात व्हॅक्यूम गेज (ही ओढ मोजणारे काट्याचे मीटर) असल्यास तो मॅनिफोल्डला जोडून, इंजिन गरम झाल्यावर काटा पाहावा. निरोगी इंजिनासाठी सांगितले जाणारे १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) हे माप समुद्रसपाटीचे आहे. दर हजार फूट उंचीमागे साधारण एक इंच कमी धरावा लागतो आणि बेळगाव सुमारे अडीच हजार फुटांवर आहे, म्हणून आपल्याकडे १५ ते १८ इंचांवर स्थिर राहणारा काटा पाहून इंजिन उतरवण्याची घाई करू नये. तीच गाडी चोर्ला घाट उतरून गोव्यात नेली, तर काहीही दुरुस्ती न करता काटा वर चढलेला दिसेल. काटा स्थिर पण फार खाली असेल, तर गळती किंवा मागे पडलेले इग्निशन टायमिंग (प्लगची ठिणगी पडण्याची वेळ) ही कारणे शोधावीत. ठरावीक अंतराने झटका देत असेल, तर व्हॉल्व्हकडे लक्ष द्यावे.

शोधाची सुरुवात कानाने करावी. गाडी उघड्या जागेत, न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक लावून उभी करावी. हातभर रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे टोक प्रत्येक जोडाजवळून सावकाश फिरवावे. फॅन आणि पट्ट्यापासून नळी व बाही दूर ठेवावी. गळतीच्या जागी बारीक सूं-सूं ऐकू येते. त्यानंतर साबणाच्या पाण्याचा अगदी बारीक फवारा एकेका जोडावर मारावा. आवाज क्षणभर थांबला किंवा इंजिनाची चाल बदलली, तर जागा सापडली. डिस्ट्रिब्युटर (प्लगना वीज वाटणारा भाग) आणि प्लगच्या वायरींवर पाणी जाऊ देऊ नये. काही जण पेट्रोल फवारतात, काही जण उदबत्तीचा धूर धरतात; गरम सायलेन्सर आणि कार्बोरेटर शेजारी असताना हे दोन्ही प्रकार जिवावर बेतू शकतात.

माझ्या गाडीत दोष ब्रेक बूस्टरच्या, म्हणजे याच ओढीने ब्रेकला जोर देणाऱ्या भागाच्या पाइपमध्ये निघाला. वरून तो काळाभोर आणि धडधाकट दिसत होता. मात्र बोटांनी वाकवताच खालच्या अंगाला वाळलेल्या चिंचेच्या टरफलासारख्या भेगा उघडल्या. म्हणून पाइप नुसता पाहू नये, टोकांपाशी आणि वळणांवर दाबून, वाकवून पाहावा. बूस्टर तपासण्यासाठी इंजिन बंद असताना ब्रेक चार-पाच वेळा दाबावा, पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले पाहिजे. ते दगडासारखे राहिले, तर पाइप, त्यातील एकाच दिशेने हवा सोडणारा व्हॉल्व्ह किंवा खुद्द बूस्टर खराब आहे, आणि अशी गाडी घाटात नेऊ नये.

ठिणगीची वेळ पुढे-मागे करण्यासाठी डिस्ट्रिब्युटरकडे जाणारा बारीक पाइप थ्रॉटलच्या वरच्या बाजूस जोडलेला असल्यास त्याची गळती आयडलला कळत नाही; चढावर ओढ कमी पडते आणि ॲव्हरेज घसरते. त्याचे कार्बोरेटरकडील टोक काढून तोंडाने हवा ओढावी व जिभेने बंद करावे. ओढ टिकली नाही, तर पाइप किंवा डिस्ट्रिब्युटरकडील डायफ्रॅम (ओढीने हलणारा पातळ पडदा) फाटला आहे.

टोक नुसते सैल झाले असेल आणि पाइपला लांबी असेल, तर अर्धा इंच कापून पुन्हा बसवता येते. भेगा पडल्यावर मात्र टेप गुंडाळू नये. बूस्टरसाठी जाड भिंतीचा, व्हॅक्यूमसाठीचाच पाइप घ्यावा, कारण साधी पाण्याची नळी ओढीने आतल्या आत चपटी होते. क्लिप रबर कापेल इतकी आवळू नये. पाइप चांगले असूनही आवाज येत असेल, तर कार्बोरेटरखालचे आणि मॅनिफोल्डचे पॅकिंग पाहावे व नट मधून कडेला, थोडे थोडे आवळावेत. थ्रॉटलचा दांडा बुशात (तो ज्यात फिरतो त्या कडीत) हलत असेल, तर बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या चांगल्या लेथवर नवे बुश करून घेणे श्रेयस्कर.

गळती बंद झाल्यावर पूर्वी दाट केलेले मिश्रण आता जास्त दाट ठरेल, त्यामुळे आयडल आणि मिश्रण नव्याने लावावे. मग खानापूरपर्यंत फेरी मारून, इंजिन निवल्यावर प्लग काढून पाहावेत. टोक फिकट तपकिरी असावे. काजळी धरली असेल, तर मिश्रण आणखी थोडे पातळ करावे, आणि पांढरे दिसले, तर कानाला पुन्हा नळी लावावी.