डीलर मीट भरवताय? या चुका टाळा

खरिपाच्या तोंडावर अकोला, अमरावती, यवतमाळकडे बियाणे आणि खत कंपन्यांच्या डीलर मीट सुरू होतात. हॉल भरतो, जेवणाचं कौतुक होतं, फोटो ग्रुपवर पडतात. दुसऱ्या दिवशी बुकिंगचा, म्हणजे डीलरांनी आगाऊ नोंदवलेल्या मालाचा आकडा बघून मात्र विक्री अधिकाऱ्याचा चेहरा उतरतो. असं झालं की सगळे हॉलला किंवा केटररला दोष देतात. माझं मत वेगळं आहे. दुकान बंद ठेवून येणारा डीलर मनात दोनच प्रश्न घेऊन येतो: मागच्या हंगामाचा माझा क्लेम (सूट-स्कीमपोटी कंपनीकडून येणं असलेली रक्कम) कधी जमा होणार, आणि यंदाची स्कीम काय? कार्यक्रमपत्रिकेत नेमकी याच प्रश्नांना जागा नसते.

तारीख आपल्या सोयीने ठरवणे

मार्चअखेर दुकानदार हिशेब आणि स्टॉकमध्ये अडकलेला असतो. जूनमध्ये पाऊस पडला की त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. म्हणजे उरतो एप्रिल आणि मेचा पहिला पंधरवडा, आणि तेव्हाच लग्नसराई. अक्षय्य तृतीयेच्या आसपास चांगला हॉल मिळणं कठीण, १४ एप्रिलला तर तारीख ठेवूच नये. हॉल दोन-अडीच महिने आधी धरावा. कापसाचं बियाणं विकत असाल तर कृषी विभाग त्या वर्षी विक्री कधीपासून खुली करतो तेही पाहा. मीट त्याआधी पुरेशा अंतराने हवी.

अनेकजण विसरतात तो आठवडी बाजार. तेल्हारा, अकोट, बाळापूर, मूर्तिजापूर, पातूर, प्रत्येक गावाचा बाजाराचा वार वेगळा. बाजाराच्या दिवशी डीलर गल्ला सोडून येणार नाही, मुलाला पाठवेल, आणि मुलगा बुकिंगचा शब्द देऊ शकत नाही. तालुकावार बाजाराचे वार कागदावर मांडा आणि सगळ्यात कमी लोक अडकतील तो वार निवडा.

वेळेचंही तेच. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४४ अंशांपुढे जातो. सकाळी दहाला सुरू करून दीडला जेवण द्या, नाहीतर थेट संध्याकाळी बोलवा. संध्याकाळी लॉनवर ठेवणार असाल तर रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, हे धरून वेळ आखा.

सत्कारात सकाळ घालवणे

दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, व्यासपीठावरच्या प्रत्येकाला शाल-श्रीफळ, मग प्रत्येकाचं मनोगत. दीड तास गेला तरी स्कीमचा पत्ता नाही. तोवर मागच्या रांगा चहाच्या टेबलाजवळ पोचलेल्या असतात, आणि स्कीमची स्लाइड लागते तेव्हा लोकांचं लक्ष जेवणाच्या वासाकडे असतं.

क्रम उलटा करा. स्वागत दहा मिनिटांत संपवा. लगेच स्कीम सांगा: कोणत्या तारखेपर्यंतच्या बुकिंगला किती सूट, उधारीची मुदत किती, न खपलेला माल परत घेणार की नाही. एका पानावर छापून प्रत्येकाच्या हातात द्या, कारण पडद्यावरचे आकडे मागच्या रांगेतून दिसत नाहीत. मग वाणांची माहिती, मग प्रश्न. सत्कार जेवणाच्या आधी, आणि फक्त डीलरांचे. डीलरला आपल्या नावाचा टाळ्यांसह उच्चार आवडतो. त्यासाठी तो जेवणापर्यंत थांबतोही.

क्लेमचा विषय माइकवर येऊ देऊ नका. आला की एका डीलरची तक्रार पाहता पाहता साऱ्या हॉलची होते. हॉलच्या बाजूला दोन टेबलं लावा, प्रत्येक टेबलावर अकाउंट्सचा माणूस, लॅपटॉप आणि तालुकावार छापलेले खाते उतारे. नोंदणी झाली की डीलरला आधी तिथेच न्या. अडकलेली क्रेडिट नोट (क्लेमची रक्कम खात्यात जमा केल्याचा कंपनीचा कागद) कोणत्या कागदासाठी अडली आहे, हे त्याला बसण्याआधी कळलं तर पुढची स्कीम तो मोकळ्या मनाने ऐकतो. एवढी एक गोष्ट केलीत तरी मीटचा रंग बदलेल.

साउंडवाल्यावर सोडून देणे

तपासणी आदल्या संध्याकाळी, प्रत्यक्ष ज्या लॅपटॉपवर सादरीकरण आहे त्याच लॅपटॉपवरून करा. एचडीएमआय केबल व्यासपीठापर्यंत पोचते का, व्हिडिओचा आवाज स्पीकरमधून येतो का, जनरेटरवर एसी चालतो की फक्त दिवे, हे तेव्हाच कळेल. कॉर्डलेस माइकचे जादा सेल सूत्रसंचालकाच्या खिशात हवेत. प्रश्नांसाठी हॉलमध्ये फिरणारा वेगळा माइक आणि तो धरणारा माणूस ठरवून ठेवा.

सहलीचं बक्षीस, कराचा विसर

टार्गेट पूर्ण करणाऱ्याला परदेश सहल, अशी घोषणा व्यासपीठावरून सर्रास होते. १ जुलै २०२२ पासून व्यवसायात मिळणाऱ्या अशा लाभाची किंमत वर्षात २०,००० रुपयांवर गेली की देणाऱ्याला १० टक्के टीडीएस (मुळातून कापायचा आयकर) भरावा लागतो. उत्पादनाची माहिती देण्यासाठी सगळ्या डीलरांची परिषद घेतली तर तो खर्च यात धरत नाहीत. पण निवडक टार्गेटवाल्यांची सहल किंवा सोबतच्या कुटुंबाचा खर्च धरला जातो. हा कर कंपनी भरणार की डीलरकडून घेणार, ते घोषणेआधी ठरवा. नंतर सांगितलं तर बक्षिसाची गोडी जाते.

ऐनवेळी अडलं तर

पाहुणे उशिरा येणार असतील तर थांबू नका, स्कीम सुरू करा. ते आल्यावर दोन मिनिटं थांबून स्वागत करता येतं. वीज गेली तर छापील पान हातात आहेच, त्यावरून बोला. अपेक्षेपेक्षा लोक कमी आले तर मागच्या खुर्च्या लगेच काढून सगळ्यांना पुढे बसवा. जेवणाची ताटं हमीच्या आकड्यापेक्षा थोडी जास्त लागली तर काय दराने द्यायची, हे केटररशी आधीच बोलून ठेवा, आणि तारीख एकादशीला येत असेल तर उपवासाचं वेगळं सांगा. कोणी माइकवर चिडलाच तर त्याला गप्प करू नका. वरिष्ठ अधिकाऱ्याने स्वतः खाली उतरून त्याला क्लेमच्या टेबलावर न्यावं.

बाजूच्या टेबलांवर जमलेली क्लेमची यादी त्याच रात्री एकत्र करा. प्रत्येक नावापुढे जबाबदार माणूस आणि तारीख लिहा, आणि आठ दिवसांच्या आत प्रत्येक डीलरला फोन करून उत्तर द्या. मीटमध्ये बुकिंग न केलेले अनेकजण या फोननंतर करतात.